मालगुडीचा उत्तरार्ध

एखादी गोष्ट मनापासून आवडली की तिचा उत्तरार्ध पाहण्याचे धैर्य होत नाही, हा अनुभव, वाचकहो, आपणांपैकी पुष्कळांना असेल. ज्या कादंबरीने कोवळ्या वयात वेड लावले तिचा पुढचा भाग निघाला असे कळूनही आपण तो ग्रंथालयातून आणीत नाही. चित्रमालिकांच्या बाबतीत तर हा संकोच फारच वाढतो. पहिल्या भागांत ज्यांच्या खोड्यांनी आपण हसलो ती मुले मोठी होतात, त्यांचा आवाज फुटतो, लेखकाचा हात जड होतो. आणि मग जाणकार मंडळी सल्ला देतात की पहिले भाग तेवढे पाहा, पुढचे सोडून द्या. हा सल्ला मला पटत नाही. का पटत नाही ते सांगण्यासाठी आपणांस आमच्या घरात नेले पाहिजे, आणि तेही भर श्रावणात.

आमचे घर काशीत, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. घाटाच्या पायऱ्या चढून आले की मंगलागौरीचे देऊळ लागते. उत्तरेस पंचगंगा, त्यापलीकडे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट. या साऱ्या टापूत पेशवाईपासून मराठी घरे आहेत. शिंदे, भोसले, अहल्याबाई यांनी दगड रचले आणि त्या दगडांच्या आश्रयाने भट, भिक्षुक, कारकून आणि विद्यार्थी येऊन राहिले. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे थोर संपादक बाबूराव विष्णु पराडकर याच नगरीतील मराठी घराण्यात जन्मले. आमचे पूर्वज मात्र कोणी थोर नव्हते. देशावरून आणि कोकणातून येणाऱ्या यात्रेकरूंचे क्षेत्रोपाध्यायपण त्यांनी केले, आणि त्यांच्या कुळांची नामावळी लिहिलेल्या लांबट वह्या तेवढ्या मागे ठेवल्या. त्या वह्या आज माझ्या थोरल्या बंधूंकडे आहेत. मी शाळामास्तरकी केली. वह्या दादांच्या वाट्याला आल्या.

१९८६ साली दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीत चित्रवाणी संच मोजकेच होते. आमच्याकडचा कृष्णधवल होता आणि तो पाहायला पायरीपर्यंत माणसे बसत. मालिकेच्या आरंभी आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आणि एल. वैद्यनाथन यांचे ते गुणगुणणारे सूर सुरू झाले की स्वयंपाकघरातून आत्या पदराला हात पुशीत येई. गोष्टी दक्षिणेतल्या, चित्रण कर्नाटकातील आगुंब्याचे, लेखक आर. के. नारायण म्हैसूरचे, भाषा हिंदी आणि पाहणारे आम्ही काशीचे मराठी! तरी कोणाला काही परके वाटले नाही. मालगुडीच्या नदीचे नाव नारायण यांनी सरयू ठेवले आहे. त्यामुळे आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मालगुडी हे गाव फैजाबादच्या आसपास कोठेतरी असावे असे अखेरपर्यंत समजत होते. त्यांना कोणी सुधारले नाही, आणि सुधारण्याचे कारणही नव्हते. १९३० सालच्या विजयादशमीला बंगलोरात बसून एका तरुणाने मनातल्या मनात एक रेल्वे स्थानक उभे केले आणि त्याला नाव दिले. असे गाव ज्याने त्याने आपल्या सोयीने कोठेही वसवावे. आता शिमोगा जिल्ह्यातील अरसाळू येथे, जेथे मालिकेतील स्थानकाचे चित्रण झाले तेथे, मालगुडीचे संग्रहालय केलेले आहे. म्हणजे कल्पनेतल्या गावाला अखेर खरे स्थानक मिळाले.

त्या वेळी आमचा सारा जीव ‘स्वामी आणि त्याचे मित्र’ यांत गुंतला होता. मास्टर मंजुनाथ या मुलाने केलेला स्वामी आजही डोळ्यांसमोर आहे. सुटीत वडील गणित घालतात, आंब्यांची किंमत काढायला सांगतात, आणि स्वामीला मात्र आंबे पिकलेले होते की कच्चे, हे कळल्याशिवाय हिशेबात पाऊल टाकवत नाही! त्याचे वडील झाले होते गिरीश कार्नाड. माथेरानला जन्मलेले, ‘तुघलक’ आणि ‘हयवदन’ या नाटकांमुळे मराठी रसिकांच्या घरचेच झालेले हे नाटककार. पण आम्हांला त्याचे काय? आमच्या दृष्टीने ते केवळ मुलाला छळणारे वकील होते. मालिकेत मोठ्या माणसांच्या गोष्टी लागल्या की पायरीवरची मुले उठून पतंगाकडे जात आणि मीही जात असे. मिठाईवाल्या जगनची लांबलचक कथा आली तेव्हा तर संचापुढे फक्त आत्या आणि तो सरयूवाला शेजारी उरले असावेत.

येथे थोडे आडवळण घेतो; बालाजी घाटावर राहून ते घेतले नाही तर तो घाटाचा अपमान होईल. पोरवयातल्या करमणुकीचे वेड कसे असते याचा सर्वांत मोठा दाखला आमच्या घाटावरच आहे. डुमरावहून आजोळी आलेला एक मुलगा येथील बालाजीच्या देवळात सनईचा रियाज करीत असे. तोच पुढे उस्ताद बिस्मिल्ला खाँ झाला. या मुलाला चित्रपटांचे विलक्षण वेड होते. तिसऱ्या वर्गाचे तिकीट सहा पैशांचे. त्यासाठी दोन पैसे मामाकडून, दोन मावशीकडून आणि दोन आजीकडून मिळवायचे आणि रांगेत उभे राहायचे, अशी आठवण ते सांगत. पुढे देवळात सनई वाजविल्याबद्दल अर्धा रुपया मिळू लागला, तोही सुलोचनेचा नवा चित्रपट आला की तिच्या चरणी अर्पण होई. (ही सुलोचना म्हणजे मूकपटाच्या काळातील रूबी मायर्स, आपल्या मराठी पडद्यावरील मातृमूर्ती सुलोचनाबाई नव्हेत.) २००१ साली भारतरत्न झालेला, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये निवर्तलेला हा थोर कलावंत म्हातारपणीही या आठवणी लहान मुलासारखा हसत सांगे. मला त्यांच्याविषयी सर्वांत आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी. ज्या सुरांनी देऊळ भरले त्याच फुप्फुसांनी तिकिटाच्या रांगेत धक्काबुक्कीही केली होती, आणि त्याची लाज त्यांना कधी वाटली नाही. आमच्यापैकी कित्येकजण मात्र चाळिशी उलटली की आपल्या पोरवयातल्या आवडी ट्रंकेत कुलूपबंद करून ठेवतात.

तर त्या ट्रंकेचे कुलूप आमच्या घरी निघाले ते २०१६ च्या ऑगस्टात. त्या वर्षी गंगेला मोठा पूर आला. काशीतील धोक्याची रेषा ७१.२६ मीटरवर आहे. पाणी ती ओलांडून पुढे गेले. घाट नाहीसे झाले, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाण्याची वाट राहिली नाही, नावा बांधून पडल्या. मणिकर्णिकेवर दहनासाठी गच्च्यांचा आश्रय घ्यावा लागला. पंचतीर्थी थांबली, यात्रेकरू येईनात, म्हणजे दादांना काम नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे पहाटे चारला उठून संकल्प सांगितले, तो घरात नुसता बसून राहिला की घरातील भांडीदेखील बिचकून वागतात.

आणि त्या वर्षी घरात आणखी एक पूर होता. दादांचा मुलगा, माझा पुतण्या, तेव्हा अठरावे लागलेला. त्याने वह्या घ्यायला नकार दिला होता. तोंडाने नव्हे, तोंडाने आमच्या घरात कोणी काही नाकारीत नाही. त्याला पुण्यास जाऊन चलच्चित्रे रेखाटण्याचे, ज्याला ॲनिमेशन म्हणतात त्याचे, शिक्षण घ्यायचे होते, प्रवेशही मिळाला होता आणि पुढच्या पंधरवड्याचे तिकीट काढलेले होते. हे सर्व दादांना ठाऊक होते. पण त्याने ते त्यांना सांगितले नव्हते आणि त्यांनी त्याला विचारले नव्हते. एकमेकांचे निरोप ते माझ्याकडून पोचवीत. “काका, बाबांना सांगा, दोन महिन्यांचं भाडं लागेल.” “त्याला विचार, तिथं स्वयंपाक कोण करणार?” एकाच माजघरात बसून ही टपाल व्यवस्था चाले.

मी काही वर्षांपूर्वी चौकातील एका दुकानातून ‘मालगुडी डेज’च्या तबकड्यांचा संच घेतला होता. मूळच्या ३९ भागांतील बरेच त्यात होते. २००६ साली कविता लंकेश यांनी आणखी १५ भाग केले, ते त्यात नव्हते; ते मी पुढे केव्हातरी संगणकावर पाहिले. तोवर आधीचे दिग्दर्शक शंकर नाग १९९० सालीच मोटार अपघातात गेले होते आणि नारायण यांनाही जाऊन पाच वर्षे झाली होती. ते नवे भाग मला आवडले. पण जुन्या वाड्याला नवा रंग दिल्यावर घरच्या माणसालाही क्षणभर दार चुकल्यासारखे वाटते, तसे वाटले. ते असो. पुराच्या तिसऱ्या दिवशी, खालच्या गल्लीत पाणी शिरले आणि वीज वारंवार जाऊ लागली तेव्हा, मी विजेचा साठा करणाऱ्या इन्व्हर्टरवर संच लावून पहिली तबकडी घातली. आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढची. ती सूर ऐकूनच उठून बसली.

घरी बसून अशा तबकड्या पाहण्यात जे सुख आहे, ते आठवड्याची वाट पाहून पाहण्याच्या सुखापेक्षा अगदी निराळे आहे, हे आपणांसही जाणवले असेल. पूर्वी मालिका आपल्याला थांबवीत असे. आता आपण तिला थांबवतो. आत्याला शौचास जायचे असले की स्वामी धावता धावता एक पाय वर घेऊन उभा! वहिनींनी चहा टाकला की गिरीश कार्नाडांनी तोंड उघडे ठेवून वाट पाहायची. या थांबण्यालाच मी अधिक महत्त्व देतो. चालू चित्राविषयी कोणी बोलले तर शेजारचा गप्प करतो. थांबलेल्या चित्रापुढे मात्र माणसे बोलू लागतात.

आम्ही दोन दिवसांत स्वामी संपवला. मजा तीच होती, पण मजेची जागा बदलली होती. वृत्तपत्रात वाघाशी झुंजलेल्या मुलाची बातमी वाचून वडील स्वामीला एकट्याने कचेरीच्या खोलीत निजायला लावतात, आणि रात्री घाबरून त्याने ज्याचा पाय चावला तो चोर निघतो, या प्रसंगाला पूर्वी आम्ही चोरासाठी हसलो होतो. आता मी पाहत होतो तो वडिलांचा चेहरा, मुलाला शूर करू पाहणारा आणि त्यालाच भिणारा. पुढे स्वामी घर सोडून पळतो आणि त्याचा शोध सुरू होतो. कादंबरीत त्या रात्री वडील सरयूच्या काठाने पाण्याकडे पाहत पाहत जातात. नारायण यांनी तो शोध अगदी थोडक्यात लिहिला आहे, पण तो वाचल्यावर पुस्तक मिटावेसे वाटते. आमच्या खिडकीखाली त्या वेळी पायऱ्यांऐवजी पाणी होते. दादा म्हणाले, “थांबव.” मी थांबवले. ते उठून खिडकीशी गेले, पाणी किती चढले ते पाहिले आणि परत येऊन बसले. “हं, लाव,” एवढेच म्हणाले. पुतण्याने या साऱ्या वेळात मान वर केली नाही.

मिठाईवाला आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला होता. किंबहुना तो वगळावा असेच पुतण्याचे म्हणणे होते. त्याच्या वयाला जगनची कथा लांबड वाटणे साहजिक होते. पण आत्याने हट्ट धरला. १९८६ साली ती एकटीच तेथवर पोचली होती, आणि शेवट तिच्या लक्षात राहिला नव्हता.

वाचकहो, ही कथा आपण वाचली नसेल तर जरूर वाचावी. १९६७ ची ही कादंबरी. जगन हा गांधीजींचा अनुयायी. सूत काततो, खादी नेसतो, स्वतः मीठ आणि साखर वर्ज्य केलेली, पण दुकान मात्र मिठाईचे! संध्याकाळी सहानंतरची विक्री तो निराळी ठेवतो, म्हणजे ती हिशेबात आणि करात धरायला नको. एवढ्या एका तपशिलात नारायण यांनी माणसाची नीती आणि तिचे छिद्र दोन्ही दाखवले आहेत, आणि तेही त्याच्यावर न रागावता. याच्या मुलाचे नाव माली. तो एके दिवशी कॉलेज सोडतो, मी लेखक होणार म्हणतो, आणि बापाने साठवलेल्या पैशांतून रक्कम उचलून अमेरिकेला जातो. परत येतो तो एका परदेशी तरुणीला घेऊन, आणि कथा रचणारे यंत्र विकण्याची योजना घेऊन. कथा रचणारे यंत्र! १९६७ साली वाचकांनी ही केवढी थट्टा म्हणून वाचली असेल. आज पुतण्याच्या पिढीला त्यात थट्टा दिसतच नाही.

जगनची भूमिका अनंत नाग यांनी केली आहे. तेव्हा ते चाळिशीही न गाठलेले, पण खांदे असे काही वागवले आहेत की मुलाच्या खोलीच्या बंद दाराशी उभा राहिलेला हा बाप साठीचा वाटतो. आणि त्या दाराशीच कथेचे सारे मर्म आहे. बापाला मुलाशी बोलता येत नाही. मुलाने शिक्षण का सोडले, परदेशी का जायचे, त्याच्या मनात काय आहे, हे सारे जगन एका नातलगाकडून काढून घेतो. हा नातलग रोज दुकानात येऊन मिठाई चाखतो, दोन्हीकडचे ऐकतो, आणि निरोप इकडून तिकडे पोचवतो.

माझ्या लक्षात ते आत्याच्या हसण्याने आले. ती माझ्याकडे बोट दाखवून इतकी हसली की तिला ठसका लागला. “अरे, हा तर तूच! तुला मिठाई तेवढी मिळत नाही.” वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी चित्र थांबवले. पडद्यावर जगन हात चोळीत उभा, आणि माजघरात आम्ही तिघे पुरुष त्याच्याइतकेच अवघडलेले.

थोड्या वेळाने दादाच बोलले, पण पडद्याकडे पाहून. “त्यानं पोराला एकदा धरून बसवायला हवं होतं. विचारायचं सरळ. बाप आहेस ना तू?”

पुतण्या म्हणाला, “आणि मालीनं काय सांगितलं असतं, बाबा? त्यानं सांगितलं असतं की दुकान वाईट नाही, पण मला त्यात बसायचं नाही. ते जगननं ऐकलं असतं का?”

“ऐकलं असतं की नाही, ते नंतरचं. आधी सांगायचं तर!”

“सांगतोय की.”

वाचकहो, यापुढे जे बोलणे झाले ते मालगुडीविषयीच झाले. माली आणि जगन ही दोनच नावे त्यात होती. पुणे हा शब्दही कोणी उच्चारला नाही. तरी दुकानाचे पुढे काय होणार, गिऱ्हाईक कोण सांभाळणार, जुन्या वह्या, म्हणजे जगनच्या हिशेबाच्या वह्या बरे का, वाळवीच्या स्वाधीन करायच्या काय, असे प्रश्न दादांनी काढले. आणि त्या सगळ्या वह्यांची पानोपान छायाचित्रे काढून ठेवता येतील, म्हणजे कोणत्याही गावाहून आलेल्या माणसाचे पूर्वज क्षणात सापडतील, असे उत्तर मालीच्या वतीने पुतण्याने दिले. जगनच्या दुकानात वंशावळ शोधायला कोण येणार, असे विचारण्याइतका अरसिक आमच्यापैकी कोणी नव्हता. हे संभाषण तासभर चालले. तेवढ्या वेळात इन्व्हर्टरचा साठा संपला आणि जगन अंधारात नाहीसा झाला.

पहिले भाग श्रेष्ठ, पुढचे सोडून द्या, म्हणणाऱ्या जाणकारांना मी हा तास दाखवू इच्छितो. स्वामी पाहून घर हसले असते आणि झोपले असते. हा तास मिळाला तो जगनमुळे, ज्याला आम्ही मुले पायरीवरून उठून जाऊन एकटा टाकीत होतो.

दुसऱ्या दिवशी उरलेली कथा लावली, तर शेवटच्या तबकडीवर ओरखडा होता. चित्र चौकटीचौकटींनी फुटू लागले, जगनचा चेहरा अर्धा राहिला आणि यंत्र खर्रखर्र करून थांबले. पुसून पाहिली, फुंकर घातली, वहिनींनी मऊ धोतराचा तुकडा आणून दिला. काही उपयोग झाला नाही. शेवट कोणालाच दिसला नाही. मला तो पुस्तकातून ठाऊक होता. पण सांगू लागताच आत्याने हाताने गप्प केले. तिने स्वतःचा शेवट केव्हाच ठरवून टाकला होता. जगन घर सोडून जातो खरा, पण संध्याकाळी सहा वाजता दुकानाची आठवण होऊन परत येतो, “सहानंतरचा गल्ला मोजायचा असतो ना त्याला!”

पाणी उतरले. पायऱ्यांवर हातभर गाळ राहिला, तो काढण्यात घाटावरची सारी माणसे गुंतली. ठरल्या दिवशी पुतण्या गेला. स्थानकावर दादा आले नाहीत. त्या दिवशी सांगलीकडचे यजमान होते. जाताना त्याने माझ्या कपाटातून नारायण यांचे इंग्रजी पुस्तक उचलले.

कार्तिकात, पंचगंगेवर आकाशदिवे लागले होते त्या सुमारास, एका रात्री दूरध्वनी वाजला. नेहमीप्रमाणे मी हात पुढे केला. पण दादांनी तो आधीच उचलला होता. मी सज्जात जाऊन उभा राहिलो. आतून दादांचे अर्धे संभाषण ऐकू येत होते.

“जेवलास का? ... बरं. ... हो, वाचलंस? सगळं? ... मग काय करतो तो शेवटी? ... अरे देवा. म्हणजे दुकान सोडून, घर सोडून? ... चरखा घेतो? बरोबर. आणखी? ... काय? बँकेचं पुस्तक?”

आणि मग दादा हसले. वानप्रस्थाला निघालेला माणूस बँकेचे पुस्तक बरोबर घेतो, यावर ते एवढे हसले की आत्या अंथरुणातून विचारू लागली, काय झाले म्हणून. दादांनी तिला हाताने थांबायची खूण केली आणि दूरध्वनीत म्हणाले, “थांब, ठेवू नकोस. त्या पोरीचं काय झालं, ते सांग आधी.”